परिचारिका घडवणाऱ्या घरांचे आभार



आज आपण नर्सिंगचे शिक्षण पूर्ण केलेल्या मुलींचा गुणगौरव करीत आहोत. शाल-श्रीफळ त्यांना मिळेलच. पण मंडळाच्या वतीने आम्हाला त्यांच्या घरच्यांचेही आभार मानायचे आहेत.

जीएनएमची ३ वर्षे, बी.एस्सी. नर्सिंगची ४. वर्ग, वॉर्डातली ड्यूटी आणि रात्रपाळी. या काळात पहाटे उठून डबा देणारी आई असते, उशिरा सुटणाऱ्या लेकीसाठी स्कूटर घेऊन थांबणारे वडील असतात. रात्रपाळी करून आलेली नात दिवसा झोपते, म्हणून टीव्हीचा आवाज कमी करणारे आजोबाही असतात.

रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले आणि स्त्रियांना नर्सिंगकडे वळवले. परक्या रुग्णाची शुश्रूषा घरंदाज बाईने करावी, हे तेव्हा अनेकांना पटत नव्हते. लोकांचे बोलणे सोसून ज्यांनी लेकी-सुना पाठवल्या, त्या घरांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत.

"रात्रपाळीची नोकरी, मग स्थळ कसे मिळणार?" हे आपल्यात आजही विचारले जाते. आजारपणात मात्र आपण सगळे सिस्टरचीच वाट पाहतो. तेव्हा "आम्हाला चालेल" म्हणणाऱ्या सासरचेही आम्ही ऋणी आहोत.

विनंती एवढीच, मुलीचे नाव पुकारले की तिच्या घरच्यांनीही जागेवर उभे राहावे. टाळ्या त्यांच्याही आहेत.

गणपती बाप्पा मोरया!