एक लाइन, दोन रिसीव्हर: फोर्क आणि डेटाबेस कनेक्शन

आजची गोष्ट चाकणची. सुट्या भागांचा एक प्लांट, नाव नको. टेस्ट बेंचवर प्रत्येक पीसचा बारकोड स्कॅन व्हायचा, निकाल पोस्टग्रेसमध्ये जायचा. पायथनमधला तो प्रोग्राम माझाच. निगडीत घरी विंडोज लॅपटॉपवर मस्त चालला. प्लांटच्या लिनक्स सर्व्हरवर टाकला आणि रात्रपाळीतून फोन आला, "सर, नापास पीस स्क्रीनवर पास दिसतोय!"

झोपच उडाली. तो पीस उद्या कुणाच्या तरी गाडीत बसणार होता ना.

चूक काय होती? मी आधी डेटाबेसचं कनेक्शन उघडलं आणि मग चार चाइल्ड प्रोसेस काढल्या. लिनक्सवर फोर्क केलं की पॅरेंटचं उघडं सॉकेट चाइल्डकडेही येतं. पण ते नवं कनेक्शन नसतं, तेच असतं. जुन्या लँडलाइनला घरात दोन रिसीव्हर असायचे, आठवतंय? बाबा हॉलमध्ये, मुलगा आतल्या खोलीत, दोघं एकाच वेळी बोलतायत. पलीकडच्याला वाटतं, माणूस एकच आहे. डेटाबेसचंही तसंच. एकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसरा वाचून मोकळा!

आणखी एक गंमत. चाइल्डने काम संपवून कनेक्शन रीतसर बंद केलं, की सर्व्हरला निरोप जातो, "येतो आता." सर्व्हर लाइन तोडतो आणि पॅरेंट बिचारा मधेच लटकतो.

मग लॅपटॉपवर का नाही दिसलं? कारण विंडोजवर फोर्क नाही. तिथे पायथन चाइल्ड प्रोसेस कोरी सुरू करतं. लिनक्सवर मात्र फोर्कच डीफॉल्ट होतं, ते पायथन ३.१४ मध्ये बदललं.

उपाय सोपा. कनेक्शन फोर्कनंतर, प्रत्येक चाइल्डने स्वतःचं उघडायचं. एसक्यूएलअल्केमी वापरत असाल तर चाइल्डमध्ये आल्याआल्या इंजिनवर डिस्पोज, क्लोज फॉल्स देऊन. म्हणजे चाइल्ड जुनी कनेक्शन विसरतं, पण पॅरेंटची तोडत नाही. फक्त हिशोब ठेवा: पोस्टग्रेसची डीफॉल्ट मर्यादा १०० कनेक्शनची आहे.

त्या रात्रीचे सगळे पीस आम्ही बाजूला काढून पुन्हा तपासले. सकाळची पाळी आली तेव्हा कुठे चहा घेतला.

तर आज तुमचा कोड उघडा आणि बघा, कनेक्शन आधी की फोर्क आधी? भेटू पुढच्या भागात!