पिस्तुलाआधीची सही

शासनाच्या सेवेत वीस वर्षे घालविलेल्या माणसाने आवडीचे चित्रपट कोणते असे विचारल्यावर संतपटांचे, निदान ऐतिहासिक बोलपटांचे नाव घ्यावे, असा एक अलिखित संकेत आहे. माझी आवड जरा निराळ्या वस्तीतली आहे. खंडणी, तस्करी आणि टोळीयुद्धे यांवरचे चित्रपट मी आवडीने पाहतो आणि त्यांतले काही पुनःपुन्हा पाहतो. "शेवट ठाऊक असताना त्यात पुन्हा पाहायचे ते काय?" असे घरची मंडळी विचारतात. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले काहीसे लांबलेले उत्तर समजावे.

शेवट ठाऊक असतो, म्हणूनच पाहतो. पहिल्या खेपेला आपले सारे लक्ष पिस्तुलावर असते. कोण मरणार आणि कोण वाचणार, या धास्तीत इतर काही दिसतच नाही. ती धास्ती एकदा ओसरली की पडद्याच्या कडेला मांडलेल्या गोष्टी नजरेत भरू लागतात. धंद्याची सवय म्हणा हवी तर, पण मला त्या कडेला बहुधा एक कागद दिसतो आणि त्या कागदावर कोणाची तरी सही दिसते.

सलीम-जावेद यांनी लिहिलेला आणि यश चोप्रा यांनी दिग्दर्शित केलेला १९७५ सालचा 'दीवार' घ्या. गोदीतला हमाल विजय तस्करांचा म्होरक्या होतो, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण तिचा उगम विजयच्या हातून घडलेल्या कोणत्याही कृत्यात नाही. त्याचे वडील कामगारांचे पुढारी. बायकामुलांच्या जिवाची धमकी मिळताच ते मालकाने पुढे केलेल्या कागदावर सही करतात. कामगारांच्या दृष्टीने ते चोर ठरतात, परागंदा होतात, आणि तो कलंक लहानग्या विजयच्या हातावर गोंदला जातो. पुढे पोलीस अधिकारी झालेला धाकटा भाऊ रवी त्याच्यापुढे कबुलीजबाबाचा कागद ठेवतो आणि म्हणतो, सही कर. विजय उत्तर देतो की, आधी त्यांच्या सह्या आण, ज्यांनी आपल्या बापाकडून सही घेतली. चित्रपटगृहात या प्रसंगाला टाळ्या पडत, आणि प्रथम पाहताना ते एक बाणेदार उत्तर वाटते. पुन्हा पाहताना ध्यानात येते की, दोन भावांमधली ती भिंत एका सहीच्या पायावर उभी आहे. त्याच चित्रपटात रवी एका पळणाऱ्या मुलावर गोळी झाडतो आणि मग त्याला कळते की पोराने पाव चोरला होता. त्या मुलाच्या घरी तो खाण्याचे जिन्नस घेऊन जातो, तेव्हा निवृत्त शिक्षक असलेला बाप त्याच्याशी ज्या संयमाने बोलतो, तो प्रसंग मला विजयच्या सगळ्या मारामाऱ्यांपेक्षा मोठा वाटतो. ए. के. हंगल यांनी तो बाप उभा केला आहे.

पाश्चात्त्य चित्रपटांतही हा कागद भेटतो. कपोला यांच्या १९७२ सालच्या 'गॉडफादर'मध्ये मायकेल आपल्या प्रेयसीला बापाची एक जुनी गोष्ट सांगतो. करारपत्रावर एक तर तुझी सही पडेल किंवा तुझा मेंदू सांडेल, असे एका वाद्यवृंदाच्या चालकाला सांगण्यात आले होते. मायकेल हे किती शांतपणे सांगतो! मी तसा नव्हे, असेही वर म्हणतो. शेवट ठाऊक असलेल्या प्रेक्षकालाच त्या वाक्यातले भय कळते.

रामगोपाल वर्मा यांच्या 'सत्या'मध्ये, म्हणजे १९९८ साली, कागद जवळजवळ नाहीच. सगळा व्यवहार तोंडी, आणि म्हणूनच दगाही सोपा. निवडणूक जिंकलेला भाऊ विजयाच्या जल्लोषातच भिकू म्हात्रेला गोळी घालतो. पहिल्या खेपेला तो धक्का असतो. नंतर मात्र भाऊचे आधीचे प्रत्येक हसू आपण संशयाने पारखू लागतो. जाता जाता एक सांगतो. इकडे रायपुरात, तात्यापाऱ्यासारख्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना पडद्यावर मराठी आडनाव ऐकू आले की उगीचच आपले माणूस भेटल्यासारखे होते. भिकू म्हात्रे काय, किंवा 'वास्तव'मधला पावभाजीची गाडी लावणारा रघुनाथ नामदेव शिवलकर काय, हे आपलेच म्हणावेत तर पंचाईत, आणि परके म्हणावेत तर त्यांच्या घरातली आई आपल्याच घरातली असते.

मणिरत्नम यांचा १९८७ सालचा 'नायकन' मी तमिळ न येता पाहिला, खालची अक्षरे वाचत. दुसऱ्यांदा अक्षरे वाचावी लागली नाहीत, आणि तेव्हा तो खरा दिसला. धारावीचा वेलू नायकर केळकर नावाच्या क्रूर पोलीस अधिकाऱ्याला ठार मारतो. मग त्याची विधवा आणि मतिमंद मुलगा यांना पाहून तो हेलावतो आणि त्यांचा भार उचलतो. अखेरीस न्यायालयात वेलूविरुद्ध साक्ष देण्यास कोणी पुढे येत नाही. तो निर्दोष सुटतो आणि बाहेर पडताच गोळीला बळी पडतो. गोळी घालणारा असतो तोच मुलगा, आता मोठा झालेला. पहिल्या खेपेला ज्या पोराकडे आपण दयेने पाहून विसरून गेलो होतो, दुसऱ्या खेपेला त्याच्यावरून नजर हटत नाही. कमल हासन यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वस्वी योग्यच होता.

परंतु ज्या चित्रपटाकडे मी सर्वांत अधिक वेळा वळतो, तो यांतल्या थोरांच्या पंगतीला बसेल की नाही याविषयी मतभेद होतील. प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' २०१८ साली आला. तो पुष्कळदा ओरडून बोलतो, आणि त्यातला रक्तपात मला मानवत नाही. तथापि त्याने मांडलेली गोष्ट मी कचेरीत बसून रोज पाहतो. पुण्याच्या पश्चिमेचा मुळशी तालुका. हिंजवडीची माहिती तंत्रज्ञानाची वसाहत याच तालुक्यात. जमिनीला भाव आला, सखाराम पाटलाने शेत विकले, पैसा आला तसा गेला. पुढे विकलेल्या जमिनीवर तो राखणदार होतो, आणि मग कुटुंबासह पुण्याच्या बाजारात हमाली करतो. मुलगा राहुल हे सारे पाहत वाढतो आणि हाती शस्त्र घेतो. मोहन जोशी यांचा सखाराम आणि ओम भूतकर यांचा राहुल एकमेकांकडे थेट पाहतात ते प्रसंग थोडे आहेत, पण चित्रपट त्यांत आहे. राहुलचा पहिला गुन्हा कोणता, याचे उत्तर पोलिसांच्या दप्तरात एक मिळेल. मला विचाराल तर ती गोष्ट खरेदीखतावरच्या बापाच्या सहीपासून सुरू होते, आणि त्या सहीत बेकायदा असे काहीही नसते.

रायपूर १ नोव्हेंबर २००० रोजी राज्याची राजधानी झाले. जुन्या शहराच्या पूर्वेस, धानाच्या शेतांमधून, नवे रायपूर उभे राहिले. रस्ते रुंद आहेत, इमारती देखण्या आहेत, आणि राजधानीला जमीन लागते हे मी नाकारणार नाही. ती मिळवून देणे हे माझ्यासारख्यांचेच काम. मोबदल्याची कागदपत्रे पुरी करण्याच्या दिवशी खातेदार स्वच्छ धोतर किंवा इस्तरीचा सदरा घालून येतो. कारकून बोट ठेवून जागा दाखवतो, इथे सही, इथे अंगठा. त्याच्यामागे बहुधा मुलगा उभा असतो, अठरा-वीस वर्षांचा, हातात मोबाइल घेतलेला. पूर्वी मी कागदाकडे पाहत असे. हल्ली कागद कारकुनाकडे सोपवून त्या मुलाला खुर्ची देतो, आणि तो काय शिकतो, धाकटी भावंडे किती, दुसरीकडे कोठे शेत घेण्याचा विचार आहे का, हे विचारतो. काही मुले नीट उत्तरे देतात. काही बापाकडे पाहतात, आणि बाप माझ्याकडे.