आलेला वाचक पुन्हा यावा म्हणून

ग्रंथालय कार्यकर्तेहो,

लालबागेत गणेशोत्सवात लोटणारी गर्दी विसर्जनानंतर ओसरते. मंडपाला त्याचे वैषम्य वाटण्याचे कारण नाही. ग्रंथालयाचे तसे नाही. १८९८ साली स्थापन झालेले, आज दादर येथे असलेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय असो वा खेड्यातील ‘ड’ वर्गाचे वाचनालय, पुन्हा येणारा वाचक हाच त्याचा आधार होय.

परळ-गिरगावातील तरुणाला आज पुस्तकाचे नाव पुष्कळदा समाजमाध्यमांवरील उताऱ्यातून कळते. त्या ओढीने तो ग्रंथालयात येतो. पण ही ओढ अल्पायुषी असते. देवघेवीच्या टेबलावर ‘पुस्तक बाहेर गेले आहे’ एवढेच उत्तर मिळाले, की तो जिना उतरतो तो कायमचाच. अशा वेळी त्याच लेखकाचे वा विषयाचे दुसरे पुस्तक त्याच्या हाती द्यावे, मागणी नोंदवून घ्यावी आणि पुस्तक परत येताच त्यास कळवावे. वेळ, वर्गणी व अनामत यांचा फलक दारातच हवा; संस्थेने समाजमाध्यमांवर दिलेल्या मजकुरातही ही माहिती हवी. कचेरी सुटल्यावर धावत आलेल्या माणसास कुलूप दिसणे यासारखी दुसरी उलटी जाहिरात नाही!

वाचकाचा वेळ वाचवा, हे सूत्र डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच मांडले. मुक्तद्वार पद्धतीत पुस्तके गहाळ होण्याची भीती निराधार नाही. तथापि नव्या पुस्तकांचे एक कपाट तरी उघडे ठेवता येईल.

नोंदवहीत दैनिक उपस्थिती असतेच. तिच्याशेजारी महिन्याभरात दुसऱ्यांदा आलेल्या नव्या वाचकांसाठी एक रकाना आखावा.