पान तोडू नका

परसबागेतल्या शिकारी किड्यांचे जवळून फोटो कसे काढावेत, यावर बोलायला मला रेडिओवर मोजकी पाच मिनिटं मिळाली आहेत. मोबाइलला लावायची चिमट्याची लेन्स कुठली घ्यावी, हे तुमच्या घरातल्या पोरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. माझं सांगणं एकच आहे. किड्यासकट पान तोडून घरात आणू नका.

हल्ली पोरं हौसेनं फोटो दाखवतात. स्टीलच्या ताटलीत ढालकिडा, लालचुटुक, पाठीवर सात ठिपके, अगदी झळकतोय. फोटो छान असतो. मी विचारतो, हा कशावर बसला होता? वांग्यावर. नाही, बहुतेक जास्वंदीवर. खात काय होता? पोरगं गप्प. अरे, फोटोत तेच तर हवं होतं! ताटलीतला ढालकिडा म्हणजे नुसता दागिना. पानावरचा ढालकिडा म्हणजे कामावरचा गडी.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात ज्वारीच्या कडेनं करडईचे तास टाकायची जुनी रीत आहे. थंडीत त्या करडईच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा चढतो. तिथं खाली वाका. काटे टोचतील, टोचू द्या. मोबाइल शेंड्यापाशी नेलात की त्या माव्यात एक लांबट, काळपट, नारिंगी डागांची, सहा पायांची अळी फिरताना दिसेल. ही ढालकिड्याचीच अळी. आईशी तिचं रूप काडीचंही जुळत नाही, म्हणून माणसं तिला शत्रू समजतात आणि पंप पाठीला लावतात. मोठी होईपर्यंत ती शेकड्यानं मावा फस्त करते. शेजारी बिनपायाची, हिरवट अशी दुसरी अळी असेल, ती सिरफिड माशीची. ती माव्याला तोंडात धरून वर उचलते आणि शोषून घेते. हा फोटो ज्याला मिळाला त्याला मी मानतो. पण तो शेंड्यावरच मिळतो, खिडकीत आणलेल्या फांदीवर नाही. शेंडा खुडला की आधी शिकारी खाली पडतो आणि तुमच्या हातात उरतो तो मावा.

आता ‘किडा थांबतच नाही’ ही तक्रार. भूम-वाशीकडं घरोघरी खव्यासाठी म्हशी आहेत, तिथल्या माणसांना हे मी काय सांगू? परका माणूस तरातरा चालत गेला तर म्हैस धार देते का? पाय झाडते, पान्हा चोरते. आपण काय करतो? रोजच्या बाजूनं जातो, पाठीवर हात फिरवतो, आधी रेडकू लावतो, मग खाली बसतो. इथंही तसंच. आधी हातभर लांबून दोन-चार फोटो काढा, हे तुमचं रेडकू. मग बसा. मग एकेक वीत पुढं सरका. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. आणि धार पहाटे काढतात, तसं इथंही उन्हं चढायच्या आत जा. गारठ्यानं किडे सुस्त असतात, वाराही पडलेला असतो. काही जण किडा सुस्त व्हावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवतात. म्हशीला कुणी फ्रिजमध्ये ठेवून धार काढतं का? असो.

दोन तांत्रिक गोष्टी, घाईघाईत. इतक्या जवळून एखाद-दुसरा मिलिमीटरच स्पष्ट येतो, म्हणून फोकस डोळ्यावर धरा, पाय पुसट झाले तरी चालतील. आणि फ्लॅशवर पातळ पांढरा कागद लावा, नाहीतर ढालकिड्याच्या पाठीवर नुसता पांढरा डाग उठतो.

डोळ्यावरून आठवलं. पुढचे पाय जोडून बसणारा हिरवा प्रार्थना कीटक तुम्ही पाहिला आहे. त्याच्या डोळ्यातला काळा ठिपका तुम्ही जाल तिकडं वळतो असं वाटतं. तो वळत नाही. ज्या भिंगांचं तोंड नेमकं तुमच्याकडं असतं, ती तेवढी काळी दिसतात. या किड्याला आपल्यासारखंच दोन डोळ्यांनी अंतर कळतं. इंग्लंडात न्यूकॅसल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मधमाश्यांच्या मेणानं त्याला इवलासा चष्मा चिकटवून हे दाखवून दिलं, 2016 साली. तेव्हा तो तुम्हाला बघतोय हे धरूनच पुढं सरका.

पुन्हा सांगतो, कारण रेडिओ लावून माणसं कामं करत असतात, मधलं सुटतं. पान तोडू नका. शेवग्याच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर दोऱ्याच्या टोकाला टांगल्यासारखी बारीक पांढरी अंडी दिसली तर ती बुरशी नाही, ती क्रायसोपा या शिकारी किड्याची अंडी. ती पुसू नका. आधी निघालेल्या पिल्लानं बाकीची अंडी खाऊ नयेत म्हणून ती दांड्यावर असतात, असं मानतात. त्यांचा फोटो पानासकट काढा, पुढच्या पानावर काय आहे तेही येऊ द्या. तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात असा फोटो नेलात, तर तिथला माणूस तुम्हाला काही सांगू शकेल. ताटलीतल्या फोटोवर तो काय सांगणार?

काचेपलीकडून खूण झाली आहे. चतुर राहिलाच. त्याच्या मागं पळू नका, एवढंच सांगतो. पुष्कळ चतुर शिकार करून पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात. तेव्हा काडीवर फोकस धरून बसून राहा, तो येईल. आणि आला की आधी त्याच्या तोंडात काय आहे ते... बरं, वेळ झाली.