बूट संध्याकाळी परत द्यायचे
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मला बोलवायला आलेले कार्यकर्ते म्हणाले, कविता वाच. मी म्हटलं, कविता पुढच्या वेळी, आज ऑडिटवर बोलतो. दोघं तिघं हसले. ऑडिट म्हंजे टायवाल्याचं काम, त्यात हमालाचा काय संबंध? संबंध आहे. माझ्या जोडीच्या गड्याच्या पायाच्या दोन बोटांएवढा आहे. ऐका.

मी मॅट्रिक झालेला माणूस. गोदीच्या मालाच्या एका यार्डात कंत्राटावर आहे. परदेशी जाणारे खोके आम्ही कंटेनरमध्ये भरतो. भरण्याआधी त्या रिकाम्या डब्याची तपासणी होते. सात ठिकाणी. समोरची भिंत, डावी बाजू, उजवी बाजू, तळ, छत, दारं आणि खालचा सांगाडा. भरून झालं की जाड बोल्टचं सील लागतं, त्याचा नंबर तीन कागदांवर चढतो. अमेरिकेत २००१ च्या सप्टेंबरात हल्ले झाले, त्यानंतर त्याच वर्षी तिथल्या कस्टमनं सीटीपॅट नावाची योजना काढली. त्या योजनेची ही रीत. डब्यात भलतं काही जाऊ नये, ठीक आहे. पण डब्याला सात ठिकाणी हात लावून बघणारा माणूस डबा भरणाऱ्याकडे एकदाही बघत नाही, हे मी रोज बघतो.

मग एक दिवस आमच्याकडे बघणारा माणूस आला.

त्या दिवशी सकाळीच मुकादमानं पोतं सोडलं. कोरे बूट, पिवळी जाकिटं, हेल्मेट. माझे बूट एक नंबर मोठे होते. पाण्याच्या पिंपाला नळ बसला. औषधाच्या पेटीत औषध आलं. मुकादम म्हणाला, "आज ऑडिट आहे. विचारलं तर आठ तास काम, आठवड्याला सुट्टी, बूट मिळतात. बाकी तोंड बंद."

दुपारी तपासणीस आला. पोरगेलासा, नीट बोलणारा. त्यानं मला विचारलं, "बूट मिळतात का?" मुकादम पाच हातांवर खोके मोजत उभा होता. मी म्हणालो, "हो साहेब, मिळतात." त्यानं कागदावर खूण केली. संध्याकाळी बूट परत पोत्यात गेले.

आठवड्यानं माझ्या जोडीच्या गड्याच्या पायावर भरलेलं पॅलेट आलं. पायात चप्पल. दोन बोटं चेचली. भरपाई मागायला गेलो तर कंत्राटदार म्हणाला, "आम्ही बूट देतो, हे घालत नाहीत. तुमच्यातल्याच एकानं ऑडिटला सांगितलंय." तो एक म्हंजे मी. कागदावर माझ्या गड्याच्या पायात बूट आहे, आणि तो बूट माझ्या जिभेनं घातलाय.

तेव्हापासून मी हे ऑडिट काय असतं ते समजून घेतोय. समजलं तेवढं सांगतो.

परदेशातला बडा व्यापारी आता स्वतः कारखाना काढत नाही. दुकान त्याचं, कारखाना दुसऱ्याचा, देश तिसराच. माल स्वस्त पाहिजे आणि नावाला डागही नको. म्हणून तो नियमांची यादी करतो आणि ती पाळली जाते का हे बघायला तिऱ्हाईत कंपनीचा माणूस पाठवतो. ही तपासणी अनेक प्रकारची. माल एकसारखा निघतो का, यंत्रं धड आहेत का, ही एक. त्यात आयएसओ ९००१ चा कागद चालतो. डब्याच्या सुरक्षेची दुसरी. सांडपाण्याची, धुराची तिसरी. आणि कामगारांची चौथी, तिला सोशल ऑडिट म्हणतात. तिच्यात एसए ८०००, बीएससीआय, स्मेटा अशी नावं चालतात. गेटावर, ऑफिसात हे कागद फ्रेम करून लावलेले तुम्ही पाहिले असतील. पुढच्या वेळी उभं राहून वाचा.

दिवस असा जातो. सकाळी मालकाबरोबर बैठक. मग कारखान्यात फेरी. मग कागद: हजेरीपट, पगारपत्रक, ओव्हरटाइम, वयाचे दाखले, परवाने. मग निवडक कामगारांशी बोलणं. संध्याकाळी पुन्हा मालकाबरोबर बैठक. काय चुकलं आणि कधीपर्यंत सुधारायचं त्याची यादी. एक दोन दिवसांत खेळ खलास.

यात भोकं कुठं आहेत? एक, येण्याची तारीख बऱ्याचदा आधी कळते. दोन, फी बऱ्याचदा कारखानदारच भरतो. ज्याची तपासणी त्याचाच चहा आणि त्याचाच चेक. तीन, अहवाल मालकाकडं आणि खरेदीदाराकडं जातो. ज्याच्या हाडामांसाची तपासणी झाली त्याला तो दिसत नाही. चार, हजेरीपट दोन ठेवता येतात, एक खरा आणि एक दाखवायचा. पाच, अवघड काम मागच्या गल्लीतल्या शेडमध्ये पाठवता येतं, जिथं तपासणीस जातच नाही. आणि सहावं, सगळ्यात मोठं. तोच व्यापारी एका हातानं लिहितो की ओव्हरटाइम नको, आणि दुसऱ्या हातानं भाव पाडतो, माल पंधरा दिवस आधी मागतो. त्याच्या दुसऱ्या हाताचं ऑडिट कोण करतं?

तुम्ही म्हणाल, दोन बोटांचं काय एवढं घेऊन बसलास. मग कराचीला चला. बलदिया भागात अली एंटरप्रायझेस नावाचा कपड्यांचा कारखाना होता. जर्मनीतल्या किक कंपनीला माल जायचा. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याला एसए ८००० चं प्रमाणपत्र मिळालं. ११ सप्टेंबर २०१२ ला तिथं आग लागली. खिडक्यांना गज, बाहेर पडायच्या वाटा बंद. अडीचशेच्या वर माणसं मेली. प्रमाणपत्राला महिनाही झाला नसेल. आग मुद्दाम लावली होती, असं कोर्टानं २०२० साली ठरवलं. असेल. पण आग कशानंही लागो, माणसाला बाहेर पडायला दार पाहिजे की नको? ते दार कागदावर उघडं होतं.

मग ढाक्याजवळ सावरला चला. २४ एप्रिल २०१३. राना प्लाझा. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या शिलाईच्या पोरींना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. इमारत बसली. ११३४ माणसं मेली. त्या इमारतीतल्या कारखान्यांची सोशल ऑडिटं आधी झालेली होती. नंतर खुलासा आला की इमारतीची मजबुती तपासणं आमच्या कामात बसत नव्हतं. त्यांचा कागद खोटा नसेलही. त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर त्यांना मिळालं. ज्यानं माणूस मरणार होता, ते यादीतच नव्हतं.

यादी कोण लिहितो, हा सगळा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या आज्यापणज्यांना विणकाम खात्यात घेत नसत. कांडी बदलताना धागा तोंडानं ओढावा लागायचा. अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. पगार विणकामात जास्त. त्या काळी कोणी तपासणीस आला असता तर त्याला काय दिसलं असतं? हजेरीपट ठीक, पगार ठीक, यंत्रं ठीक. दारावर पाटी नव्हती की महारांना प्रवेश नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा तो प्रश्न झाला. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या आपल्या कामगारांपुढं ते म्हणाले की तुमचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आजचं ऑडिट भांडवलशाहीला वरवर दोन प्रश्न विचारतं. ब्राह्मणशाहीला किती विचारतं?

एसए ८००० च्या कागदात भेदभाव करू नये अशी यादी आहे, तिच्यात जात हा शब्द छापलेलाही आहे. पण सुपरवायझर पाच हातांवर उभा असताना, "तुझ्या जातीवरून कोण बोलतं का?" याला कोणती बाई हो म्हणेल? मी तर साध्या बुटाला नाही म्हणू शकलो नाही.

आता तमिळनाडूतलं दिंडीगुल. जानेवारी २०२१ मध्ये तिथं परदेशी ब्रँडचा माल शिवणाऱ्या कारखान्यातल्या वीस वर्षांच्या दलित मुलीचा खून झाला. आरोप तिच्याच सुपरवायझरवर. बायकांचा छळ तिथं नवा नव्हता. तो टिकमार्कवाल्यांनी बाहेर काढला नाही. तमिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियन नावाची बायकांनी चालवलेली संघटना पुढं आली, तिच्या मागं देशाबाहेरच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि एप्रिल २०२२ मध्ये करार झाला. कारखानदार कंपनीनं सही केली, एच अँड एमनं केली, नंतर आणखी ब्रँड आले. त्या करारानं कारखान्यात कामगार बायकांनाच छळावर लक्ष ठेवायचं काम दिलं. जातीवरून होणारा त्रासही त्यात लिहून घेतला. बांगलादेशातही राना प्लाझानंतर २०१३ मध्ये अकॉर्ड नावाचा करार झाला. ब्रँड आणि कामगार संघटना दोघांच्या सह्या, कायद्यानं बांधलेला. इंजिनियर इमारती बघणार आणि अहवाल सगळ्यांपुढं उघडा.

फरक दिसला? एकीकडं मालकाच्या पैशानं आलेला पाहुणा, दुसरीकडं रोज तिथंच घाम गाळणारी बाई. पाहुणा संध्याकाळी जातो. बाई रात्रपाळीलाही असते.

सरकारी तपासणीस कुठं गेला, असं कुणी विचारील. विचारा. १९४६ साली कारखान्यात आठवड्याचे ४८ तास झाले, ते बाबासाहेब मजूर खात्याचे मंत्री असताना आणलेल्या विधेयकामुळं. ते तास बघायला सरकारचा इन्स्पेक्टर असायचा. २०२० च्या कामगार संहितांत त्याचं नाव बदलून निरीक्षक तथा सुविधाकार केलंय. सुविधा कुणाची, ते तुम्हीच ओळखा.

मग ऑडिट नको का? पाहिजे. दार उघडलंय तर आपण पाय घालायचा. खोक्यावर कोणत्या ब्रँडचं नाव आहे ते लिहून ठेवा. कामगारांशी बोलायचं तर गेटाबाहेर, मुकादम नसताना बोला, अशी मागणी करा. अहवाल मराठीत नोटीस बोर्डावर लावा म्हणा. आणि आपली स्वतःची वही ठेवा: तारीख, तास, अपघात, कोण काय बोललं. मालकाकडं दोन हजेरीपट असतील तर तिसरा आपला पाहिजे. मी वही सुरू केलीय. पहिल्या पानावर माझा गडी आहे. त्याच्या खाली मी काय खोटं बोललो तेही लिहिलंय.

पुढच्या ऑडिटला मी नाही म्हणणार आहे. एकट्यानं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी गेटाबाहेर, हे मला कळतं. आमच्या टोळीत चौदा जण. नऊ जण तयार झालेत. पाच राहिले. त्यातले दोघं आपल्या जातीचे नाहीत, त्यांना वाटतं हे भीमवाल्यांचं काहीतरी आहे. पॅलेट पडताना जात विचारत नाही, हे सांगायला उद्या पाळी सुटल्यावर त्यांच्या खोलीवर चाललोय.

तुमच्यापैकी कोण येतंय बरोबर?

जय भीम.