वारणेची हद्द

पुण्याकडे निघालेल्या गाडीनं किणीचा टोलनाका मागे टाकला की थोड्याच वेळात वारणेचा पूल येतो आणि कोल्हापूर जिल्हा संपतो. श्रोत्यांपैकी अनेक जण हा पूल येता-जाता ओलांडत असतील. ही हद्द १३ एप्रिल १७३१ ची. त्या दिवशी सातारचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे या चुलतभावांनी तह करून राज्याची वाटणी पक्की केली.

भांडण १७०७ पासूनचं. खेडच्या लढाईत शाहूंच्या काकू ताराबाईंची फौज शाहूंकडून हरली आणि पुढे त्यांनी पन्हाळा-कोल्हापूरकडे वेगळी गादी उभी केली. त्याच गादीवर नंतर संभाजीराजे आले. पण ही भाऊबंदकी चिघळली ती नव्या मुलखाच्या वसुलीमुळे. १७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या, म्हणजे महसुलातला वाटा वसूल करण्याच्या, सनदा दिल्लीहून आल्या, त्या शाहूंच्या नावे. दख्खनचा सुभेदार निजाम यानं ही फट अचूक हेरली. चौथाईचा खरा धनी सातारचा की कोल्हापूरचा, ते आधी ठरू द्या, असं म्हणून त्यानं १७२७ च्या सुमारास पैसे अडवले. संभाजीराजे त्याच्या बाजूला गेले. पालखेडला शाहूंचा पेशवा बाजीराव यानं निजामाला कोंडलं, तेव्हा कुठे निजामानं संभाजीराजांचा पक्ष सोडला.

साताऱ्याच्या घरातही तेच. गुजरातची चौथाई सेनापती दाभाड्यांची की पेशव्यांची, यावरून १ एप्रिल १७३१ रोजी डभईला मराठे मराठ्यांशी लढले आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले. वारणेचा तह त्यानंतर बाराच दिवसांनी झाला!

नव्या मुलखावरून होणारं असंच भांडण मिटवायला अमेरिकेनंही १८२० मध्ये पश्चिमेच्या नव्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांवर रेघ ओढली होती: मिसूरी वगळता तिच्या उत्तरेला गुलामगिरी नको. १८५४ च्या कायद्यानं ती पुसली. कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नसावी यावरून रक्त सांडलं आणि १८६१ मध्ये यादवी पेटली. पळालेले गुलाम परत करण्याचा १८५० चा कायदाही उत्तरेला फार झोंबला होता. वारणेच्या तहातही एकाचे चाकर दुसऱ्यानं ठेवू नयेत, असं कलम होतं. अर्थात ते फुटणाऱ्या सरदारांसाठी, गुलामांसाठी नव्हे.

अमेरिकेची रेघ पुसली गेली, वारणेची हद्द मात्र टिकली. कारण सरळ आहे. संभाजीराजे आधीच्याच वर्षी लढाई हरले होते. वारणेच्या दक्षिणेचा, तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख त्यांच्याकडे राहिला. तिथून रामेश्वरापर्यंत निम्मी वाटणी ठरली. माळवा-गुजरातच्या वसुलीत कोल्हापूरला वाटाच उरला नाही, मग भांडायचं कशावरून? सातारचं राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केलं. कोल्हापूरचं १९४९ मध्ये विलीन झालं.