हेल्परच्या पुढं काय?



जमिनीच्या मेळाव्यात ही पोरं शिक्षणाचं काय बोलतात, असं काही म्हाताऱ्यांनी विचारलं. विचारणं बरोबर आहे. पण जमीन घेताना शेठ काय सांगतो? घरटी एकाला काम देऊ. ते काम कसलं, ते आम्ही बोईसरला रोज बघतोय.

कॉलेजचं आधी सांगतो, ते लवकर संपतं. सरकारने आपल्याला 7 टक्के जागा ठेवल्यात. पण इंजिनिअर व्हायला बारावीला विज्ञान, गणित लागतं आणि आमच्या आश्रमशाळेत दोन वर्षं गणिताला मास्तरच नव्हता. 1983 पासून विनाअनुदानित कॉलेजं निघाली, तिथं पैसेवाल्यांची पोरं. मुंबई विद्यापीठ 1857 सालचं, आमच्या पाड्यातून अजून एकही तिथं गेलेला नाही.

मग राहिली कंपनी. पूर्वी हेल्पर फिटरच्या हाताखाली लागायचा. पाना दे, नट पूस, असं करत चार-पाच वर्षांत स्वतः मशीन खोलायचा. कागद नव्हता, पण हातात कसब यायचं. आता हेल्पर कंपनीचा नाहीच, ठेकेदाराचा. वर्षात 240 दिवस भरले की कायदा सलग नोकरी धरतो, मग काढताना नोटीस, भरपाई द्यावी लागते. म्हणून त्याच्या आधीच ब्रेक! परत घेतला तर दुसऱ्या खात्यात, गोण्या उचलायला. असा माणूस दहा वर्षं राबला तरी शिकणार काय? फिटर पण शिकवत नाही. त्याला ठाऊक आहे, हा दिवाळीनंतर दिसायचा नाही. पोरींना तर हेल्परचं पण काम नाही, नुसतं पॅकिंग.

1961 चा अप्रेंटिस कायदा आहे. कंपनीने पोरं शिकवायची, विद्यावेतन द्यायचं, आदिवासींच्या जागा पण त्यात आहेत. पण शिकवल्यावर नोकरी द्यायलाच पाहिजे असं मालकावर बंधन नाही. एक पोरगा शिकून बाहेर, दुसरा आत. आणि गेटवर आपण विचारलं तर वॉचमनच सांगतो, जागा भरल्या.

जमीन द्यायची नाही, हे आपलं पहिलं म्हणणं. ते आम्ही सोडलेलं नाही. पण ज्यांची गेली, त्यांनी 'नोकरी' एवढ्या एका शब्दावर अंगठा करू नये. कुठला ट्रेड, किती वर्षं शिकवणार, मग कायम करणार का, हे लिहून मागायचं.

पुढच्या बैठकीला जमिनीचे जुने सातबारे आणि पोरांचे शाळेचे दाखले घेऊन या. ज्यांना ब्रेक दिला त्यांनी गेटपास फेकू नका, तारखा त्याच्यावरच असतात.